बिनतापाचं पडसं

आमच्या घरात आजाराला एकच माप होतं, ताप. कपाळाला हात लावायचा. चटका बसला तर माणूस आजारी, नाही बसला तर ऊठ आणि कामाला लाग. खोकला, अंगदुखी, दम लागणं ही सगळी नुसती कटकट, तिला कोणी आजार म्हणत नसे. शाळेत असताना पोटदुखीचं सोंग मला कधी जमलं नाही, कारण आईचा हात पोटाकडे जायचाच नाही, सरळ कपाळावर यायचा आणि तिथूनच दप्तराकडे बोट दाखवायचा.

मुरबाडहून जीपने तासभर आत, सिद्धगडाच्या पायथ्याशी आमचं गाव. आई, बाबा आणि माझा मोठा भाऊ तिथे राहतात. भात, नाचणी, थोडी भाजी, आणि थांब्याथांब्यावर माणसं घेणारी भावाची वडाप जीप. मी मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत काम करते आणि शहापूरला खोली घेऊन राहते. गावाहून रोज मुंबई शक्य नाही. शहापूरजवळ लोकल मिळते आणि शनिवारी किन्हवलीवरून मुरबाडची एसटीही. म्हणजे मी दोन्हीकडची आणि धड कुठलीच नाही, असं आई म्हणते. एका जागी बसण्याचा माझा स्वभावच नाही, असंही ती म्हणते, आणि हे मात्र खरं आहे. लिहितानासुद्धा मी आत्तापर्यंत दोनदा उठले.

माझं काम सांगायला सोपं आणि समजवायला अवघड. मी माणसाच्या श्वासनळीच्या पेशी वाढवते. पहिल्यांदा घरी सांगितलं तेव्हा बाबांनी एकच प्रश्न विचारला, "बियाणा कुठना आणता?" प्रश्न अगदी बरोबर होता. मी सांगितलं, तपासणीच्या वेळी किंवा ऑपरेशनच्या वेळी डॉक्टर रुग्णाला विचारून छोटासा तुकडा काढतात, आमच्याकडे तो नुसत्या नंबराने येतो, माणूस कोण ते आम्हाला ठाऊक नसतं. बाबा म्हणाले, "म्हंजे त्यालाबी ठाव नसल आपला केवढा पीक आलाय ते." त्यानंतर गावात कोणी विचारलं की ते सांगत, पोरगी फुफ्फुसाची शेती करते.

शेतीच आहे ती. श्वासनळीला आतून अस्तर असतं. त्यातल्या काही पेशींना बारीक केस असतात, ते सारखे हलत राहतात आणि आत आलेली धूळ, जंतू, कफ वर ढकलतात. काही पेशी तो कफ बनवतात. तळाशी राखीव पेशी असतात. वरची कोणी मेली की त्या जागा भरतात. आम्ही ह्या राखीव पेशी नखाएवढ्या वाटीत पेरतो. वाटीचा तळ जाळीचा, खालून लालसर रस आणि वरून मोकळी हवा, नाकातोंडात असते तशी. एक दिवसाआड पाळीपाळीने रस बदलायचा, रविवार असो की दिवाळी. महिनाभराने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की केस हलताना दिसतात. पहिल्यांदा पाहिले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. ज्या माणसाच्या त्या पेशी, तो त्या वेळी कुठेतरी चहा पीत असेल, आणि त्याच्या घशाखालचा तुकडा इथे माझ्यासमोर काम करत होता.

मग आम्ही त्यांच्यावर साध्या सर्दीचा विषाणू सोडतो आणि बघतो.

धडधाकट माणसाच्या पेशीत विषाणू शिरला की ती पेशी लगेच आजूबाजूच्या पेशींना निरोप धाडते. निरोप म्हणजे एक रसायन, इंटरफेरॉन त्याचं नाव. शेजारच्या पेशी दारं लावून घेतात, विषाणूला पुढचं घर मिळत नाही, चार दिवस नाक गळतं आणि संपतं. ज्यांच्या फुफ्फुसाला जुना आजार आहे, त्यांच्या पेशींचं तसं नसतं. तिथे केसवाल्या पेशी आधीच कमी आणि कफवाल्या जास्त. निरोप निघतो, पण उशिरा निघतो, किंवा इतक्या हलक्या आवाजात की शेजारी झोपलेलेच राहतात. तोवर विषाणू घरोघर हिंडून घेतो. आणि एकदा सगळ्यांना जाग आली की मग काही धरबंध राहत नाही. सूज, कफ, मारामारी, त्यात घरच्यांचंच जास्त नुकसान. सगळ्यांच्या पेशी एकसारख्या वागतात असं नाही, एखाद्या नंबराच्या पेशी आमचं सगळं म्हणणं खोटं पाडतात. पण उशीर आणि मग गोंधळ, हे मी इतक्या वाट्यांमध्ये पाहिलं होतं की मला ते पाठ होतं.

पाठ होतं, म्हणूनच मला स्वतःचा राग येतो.

बाबांनी जन्मात विडी ओढली नाही. त्यांनी ओढला तो धूर, आधी चुलीचा आणि मग राबाचा. भाताची रोपं जिथे करायची ती जागा आमच्याकडे उन्हाळ्यात भाजून घेतात. झाडाच्या डहाळ्या, शेण, गवत, पातेरा असे थर लावायचे, वर माती टाकायची आणि पेटवायचं, हा राब. तो पेटवण्यातही अक्कल लागते. वारा जिकडे जातो त्या टोकाला काडी लावायची, म्हणजे आग वाऱ्याला तोंड देत सावकाश सरकते आणि माती खोलवर भाजते. भसकन पेटला तर वरवर जळतो आणि खालचं तणाचं बी जिवंत राहतं. ह्या कामात बाबांचा हात बसलेला. आमचा राब झाला की गावात चार जणांकडे त्यांनाच बोलवायचे. हातात ओली डहाळी घेऊन ते धुरात वाकून उभे असत, आणि घरी आले की त्यांच्या सदऱ्याला आठवडाभर तो वास राही. मला तो वास आवडायचा. हे लिहितानाही आवडतो, काय करू.

दम लागायला लागला तेव्हा बाबांनी स्वतःची तपासणी स्वतःच शोधून काढली. सकाळी अंघोळीचं पाणी तापवायची चूल तेच पेटवत. लोखंडी फुंकणी तोंडाला लावायची आणि निखारा फुलवायचा. "फुकनी चालतेय तवर आपण ठनठनीत," असं ते म्हणत. घरात गॅस आला तरी पाण्याची चूल त्यांनी सोडली नाही. छाती ठीक आहे का ते बघायला रोज सकाळी धुरात तोंड घालणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

शेवटी मी भांडून त्यांना कल्याणला तपासणीला नेलं. तिथे एका नळीत फुंकायचं होतं. यंत्रावर बसलेल्या बाई ओरडत होत्या, "आजोबा, जोरात! एकदम जोरात!" आणि बाबा डोळे मिटून, ओठ आवळून, हळूहळू, लांबच लांब फुंकत होते. तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा तसंच. कागदावर आलं की रुग्णाने सहकार्य केलं नाही, तपासणी ग्राह्य नाही. बाबांचा मोठा अपमान झाला. सहकार्य नाही म्हणजे काय, इतकं मन लावून फुंकलं! परतीच्या जीपमध्ये ते सारखे म्हणत होते, "एकदम जोरात फुकला तर राख नाय काय उडणार डोल्यात?"

तेव्हा मला उलगडा झाला. आयुष्यभर निखारा जपून फुलवलेला माणूस दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने फुंकणार? पुढच्या खेपेला मी त्यांना म्हटलं, बाबा, निखारा विसरा, सुपातला कोंडा उडवायचाय असं समजा. मग त्यांनी यंत्राच्या मनासारखं फुंकलं, आणि आकडा आला तो त्यांच्या वयाला हवा त्याच्या निम्माही नव्हता. बाईंनी कागद बाबांऐवजी माझ्या हातात दिला. बाबा मात्र खूश होते, एकदाचं सहकार्य झालं म्हणून.

तोंडात ओढायच्या औषधाचा पंप सुरू झाला, चूल बंद झाली, राबाजवळ जायचं नाही असं ठरलं. मला वाटलं, धूर थांबला की फुफ्फुस हळूहळू सावरेल. पण माझ्याच वाट्यांनी मला तसं समजू दिलं नाही. आजारी माणसाच्या पेशी स्वच्छ हवेत, ताज्या रसात, महिना महिना वाढवल्या, धुराचा एक कण त्यांना लागला नाही, तरी त्या जुन्यासारख्याच वागत. केस कमी, कफ जास्त, निरोप उशिरा. त्यांच्या अंगात ते मुरलेलं होतं. मी एकदा रागाने वाटी इतक्या जोरात ठेवली की वरिष्ठ बाईंनी मान वर करून पाहिलं. काय सांगणार, पेशींवर चिडले म्हणून?

त्या वर्षी होळीच्या आसपास एका शुक्रवारी माझं नाक गळायला लागलं. प्रयोगशाळेतला विषाणू नव्हे, तो बंद कपाटाबाहेर येत नाही. ही बाहेरून कुठून तरी लागलेली साधी सर्दी. शनिवारी घरी जायचं ठरलेलं होतं. भाऊ राब रचायला घेणार होता आणि बाबा नुसते बसून राहणार नाहीत हे मला ठाऊक होतं, म्हणून त्यांच्यावर पहारा करायला मला जायचंच होतं. एसटीत, मग जीपमध्ये, मी तोंडावर मास्क बांधूनच बसले.

अंगणात पाऊल टाकलं तर बाबा डहाळ्या निवडत होते. माझ्याकडे बघून हसले. "तोंड कशाला बांधलायस गो? आमचा वास येतो काय?"

ती थट्टा होती. पण मागे आई पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती आणि ती हसली नव्हती. "शिकली ना ती आता. आमी शेणामातीची माणसा," ती म्हणाली.

मला सर्दी आहे, आणि बाबांना ती परवडणार नाही, एवढंच सांगायचं होतं. दोन वाक्यं. आठवड्याचे पाच दिवस मी हेच काम करते. पण त्या घरातून शिकून बाहेर पडलेल्या माणसाला एक भीती कायम असते, की आपण मोठे झालो असं कोणाला वाटेल. त्या भीतीपुढे माझं सगळं शिक्षण आडवं झालं. मी मास्क काढून पिशवीत टाकला. दुपारी बाबांच्या मांडीला मांडी लावून जेवले. त्यांनी आपल्या ताटातला भाजलेला बोंबील मोडून अर्धा माझ्या ताटात टाकला, मी माझ्या भाकरीचा पापुद्रा त्यांना दिला, आणि दोनदा शिंकले, ते मात्र तोंड वळवून. तेवढीच माझी खबरदारी.

रविवारी दुपारी परत आले, कारण सोमवारी पहाटे निघून वेळेवर पोचता येत नाही. सोमवारी माझं नाक सुकलं होतं. मी दोन्ही तऱ्हेच्या वाट्यांवर, धडधाकट आणि आजारी, विषाणू सोडला, वेळ लिहून ठेवली. संध्याकाळी आईचा फोन आला.

"बाबांना पडसा झालाय."

आणि मी, श्वासनळीच्या पेशींची शेती करणारी, विचारलं, "ताप आहे?"

"नाय."

"मग काही नाही. गरम पाणी द्या, पंप चुकवू नका."

किती हलकं वाटलं मला, अजून आठवतं. मंगळवारी पुन्हा तेच. ताप आहे? नाय. खोकतायत? थोडा. करोनाच्या वेळी मी बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र घरी नेऊन ठेवलं होतं, ते लावून बघ म्हटलं. आई म्हणाली, "त्याचे सेल टीव्हीच्या रिमोटला लावलेत, आता दुसरे कुठं शोधू?" मी हसले. हसले मी. राहू दे म्हटलं, ताप नाही ना.

बुधवारी सकाळी मी आदल्या दिवशी वाट्यांमधून काढलेल्या नमुन्यांचे आकडे वहीत उतरवत होते. धडधाकट पेशींच्या रांगेत निरोप निघालेला दिसत होता, भरपूर. आजारी पेशींच्या रांगेत जवळपास काही नाही. आम्ही अशा ठिकाणी वहीत एकच शब्द लिहितो, 'शांत'. तो शब्द मी आजवर कित्येकदा लिहिला असेल. त्या दिवशी लिहिला आणि हात तिथेच थांबला. शांत म्हणजे बरं नव्हे, हे मला माहीत होतं. शांत म्हणजे अजून कोणी निरोपच दिलेला नाही. आणि मी दोन दिवस फोनवर ताप आहे का विचारत होते, म्हणजे शांत आहे का तेच.

मी खुर्ची मागे ढकलून व्हरांड्यात आले आणि घरी फोन लावला. बाबांना दे म्हटलं.

"बरा हाय मी," बाबा म्हणाले. पण 'बरा हाय' आणि 'मी' यांच्यात एक श्वास घेतला होता.

"बाबा, आपल्या गावातून मुरबाडला जाताना थांबे कुठले, ते सांगा. न थांबता."

"आता ह्या काय?"

"सांगा ना!"

भावाच्या जीपमुळे ते थांबे आमच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ. बाबा गंमत म्हणून एका दमात घडाघडा म्हणून दाखवायचे. "नारिवली," ते म्हणाले. मग श्वास. मला तो स्पष्ट ऐकू आला, पिशवी फरफटत नेल्यासारखा. "म्हसा." मग पुन्हा श्वास, आणि पुढे काही नाही. नंतर एकदम आईचा आवाज आला, "कशाला बोलायला लावतेस गो त्यांना?"

मी भावाला फोन लावला. तो गावातच जीप भरत होता, सात-आठ माणसं बसली होती. मी त्याला कधी ओरडून बोललेली नाही, त्या दिवशी ओरडले. त्याने जीप तशीच घराकडे वळवली. बाबांना धरून आणलं, पुढच्या सीटवर बसवलं. मागची माणसं उतरू लागली तर बाबांनीच हात हलवून नको म्हटलं, म्हणून सगळे तसेच बसून राहिले, आणि त्या दिवशी जीप एकाही थांब्यावर थांबली नाही. भावाने फोन चालू करून समोर ठेवला होता. मला इंजिन ऐकू येत होतं, आणि बाबांचा श्वास, आखूड आखूड, हवा आत ओढायची घाई चाललेली. अशा वेळी माणूस आत ओढत राहतो, बाहेर सोडतच नाही, आणि आधीची शिळी हवा छातीत कोंडून राहते. हे मला ठाऊक होतं, पण बाबांना दोन शब्दांत कसं सांगू ते कळेना.

"बाबा, फुंकणी," मी म्हटलं. "फुंकणी तोंडाला लावलीय असं समजा. निखारा फुलवा. हळू. राख उडवू नका."

थोडा वेळ नुसतं इंजिन. मग एक लांब, बारीक फुंकर ऐकू आली. मग दुसरी. मागच्या सीटवरची एक बाई म्हणत होती, "तसाच दादा, तसाच." तेवढ्यात रेंज गेली.

पुढची वीस मिनिटं मी त्या व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. फोन लावत होते, तो लागत नव्हता. वरिष्ठ बाई बाहेर आल्या, माझ्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाल्या, वाट्या मी बघते, तू नीघ. मी निघाले. कल्याणला उतरेपर्यंत भावाचा फोन आला की मुरबाडच्या दवाखान्यात पोचलो, ऑक्सिजन लावलाय. मी स्टेशनबाहेर धावले आणि सुटत असलेली मुरबाडची गाडी पकडली.

मुरबाडच्या डॉक्टर माझ्याहून लहान होत्या. त्यांनी विचारलं, कधीपासून? मी सांगितलं. "मग तीन दिवस थांबलात का?"

"ताप नव्हता," मी म्हटलं.

त्यांनी कागदावरून मान वर केली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "यांच्यासारख्या पेशंटला ताप येईलच असं नसतं," त्या शांतपणे म्हणाल्या. मी मान हलवली. मी काय काम करते ते मी त्यांना सांगितलं नाही. सांगायची लाज वाटली.

तिथून ॲम्ब्युलन्सने मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे तोंडावर घट्ट मुखवटा बांधून यंत्राने श्वास द्यायला लागला. आठ दिवस. बाबा वाचतील का, हे पहिले तीन दिवस कोणी सांगत नव्हतं. मी प्रत्येक आत-बाहेर करणाऱ्या माणसाला विचारत होते, अगदी लादी पुसणाऱ्या मावशींनासुद्धा. त्या मावशीच म्हणाल्या, "अगो, बस जरा. तुझ्या चालण्यानं माझी लादी सुकत नाय."

त्याच बाकावर आई एकदा, डबा उघडता उघडता, सहज म्हणाली, "मी जानार होते डाक्टरकडं सोमवारी. मंग तूच बोललीस, ताप नाय तर काय नाय. म्हटला, हिला आपल्यापेक्षा कळतंय."

ती दोष देत नव्हती. तिला दोष देताच येत नाही, टोमणे तेवढे येतात. हा टोमणाही नव्हता. तिने माझ्यावर विश्वास ठेवला होता, एवढंच ती सांगत होती. त्या दिवशी मी डबा तसाच परत केला.

बाबा वाचले. पण आजारात जे गेलं ते परत आलं नाही. पूर्वी दम लागत लागत का होईना वरच्या शेतापर्यंत जायचे, आता अंगणातल्या तुळशीपर्यंत जायला दोनदा थांबतात. माझ्यामुळेच झालं का, हे मी मुरबाडच्या डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, सांगता येणार नाही, त्या आठवड्यात सगळीकडेच सर्दी होती. भाऊ म्हणाला, जीपमध्ये रोज पन्नास माणसं खोकतात, मीच आणली असेल. सगळ्यांनी मला सोडून दिलं. मी स्वतःला नाही सोडलं. बोंबलाचा अर्धा तुकडा आठवतो आणि मी जागेवरून उठते, मग ती जागा बसमधली असो की प्रयोगशाळेतली.

बाबांना मी सगळं नीट समजावून सांगितलं, पेशी, निरोप, उशीर. ऐकून म्हणाले, "म्हंजे त्यांना कळतच नाय घरात कोन शिरलाय ते?"

"कळतं. उशिरा."

"मंग म्हातारी झाली असतील," ते म्हणाले, आणि विषय त्यांच्यापुरता संपला.

ह्या भादव्यातली गोष्ट. गौरी आल्या होत्या, मी दोन दिवसांची सुट्टी काढून निघाले. शहापूरहून निघताना मी ठीक होते. मुरबाडला घसा खवखवायला लागला. गावच्या जीपमध्ये तीनदा शिंका आल्या. परत फिरायला हवं होतं, पण त्या दिवशी परतीची जीप तासाभराने होती, आणि खरं सांगायचं तर मला बाबांना बघायचं होतं. दुरून बघू, असं मी स्वतःला समजावलं.

अंगणाच्या कडेला, दगडी गडग्यापाशी, मी उभी राहिले. बाबा ओट्यावर बसले होते.

"ये ना गो," ते म्हणाले.

"नाय येत. सर्दी झालीय मला. इथनंच बोलते."

"येवढी लांबना आलीस नि भायेरच?" ते उठले. काठी घेऊन पायरी उतरले. मी एक पाऊल मागे सरकले. ते थांबले, श्वास घेतला, आणि अजून दोन पावलं पुढे आले. मी दोन पावलं मागे. ते पुन्हा थांबले, काठीवर वाकले, खांदे वरखाली होत होते, आणि चेहऱ्यावर हसू होतं. त्यांना वाटलं मी खेळतेय, लहानपणी खेळायचे तशी. मी मागे जात राहिले असते तर ते रस्त्यापर्यंत आले असते.

"बसा तिथंच!" मी ओरडले. "एक पाऊल पुढं आलात ना, तर मी पुन्हा ह्या घरात येणार नाय!"

बाबांवर मी आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. शेजारच्या ओट्यावरच्या दोन बायका उठून बघायला लागल्या. आई दारात आली. बाबांचं हसू हळूहळू गेलं. ते मागे फिरले, ओट्यापर्यंत जायला त्यांना पूर्वी कधी लागला नसेल इतका वेळ लागला, आणि मी धरायलासुद्धा गेले नाही. पायरीवर बसून त्यांनी आईला काहीतरी सांगितलं.

आईने ताट वाढून आणलं. वडे, काळ्या वाटाण्याची उसळ, भात. अंगणाच्या मध्यावर जमिनीवर ठेवलं आणि ती मागे गेली. ती ओट्यापाशी पोचल्यावर मी जाऊन ताट उचललं, परत गडग्यापाशी आले. वारा माझ्याकडून घराकडे वाहत होता, माझा श्वासही तिकडेच गेला असता. मी रस्त्याकडे तोंड करून बसले.

आमच्यात मोठ्या माणसांकडे पाठ करून जेवत नाहीत. लहान मूल बसलं तरी हाताला धरून फिरवतात.

"पाठ करून जेवतेय ती," आई म्हणाली.

"जेवू दे," बाबा म्हणाले. मग श्वास घेतला, आणि मला ऐकू जावं म्हणून मोठ्याने म्हणाले, "जेव गो पोरी. सावकाश जेव."

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, नाक गळायला लागलं, सगळं एकदमच, आणि पुसायला एकच हात मोकळा होता. मी घास घेत राहिले. मागे त्यांचा श्वास ऐकू येत होता, आत, बाहेर, थोडा थांबून पुन्हा आत. भात संपला तरी मी वळले नाही.